तीन दिवसांची गोल्फ स्कूल घ्यावी की आठवड्याचा एक लेसन?

पत्र: नमस्कार दादा, मी 44 वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापासून मला गोल्फचं अक्षरशः वेड लागलंय. सुरुवात फोनवर व्हिडिओ बघून केली, आठ महिने रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एकटीच बॉल मारत होते. दहातले सात बॉल उजवीकडे वळून जायचे. मग एका कोचकडे गेले, त्यांनी पहिल्याच तासात ग्रिप (क्लब धरायची पद्धत) बदलली, उभं राहायची पद्धत बदलली, बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) बदलला, आणि आता क्लब बॉलला लागतच नाही नीट. दुसऱ्या लेसनला गेलेच नाही. आता दोन पर्याय आहेत. एक मोठी गोल्फ स्कूल आहे, तीन दिवसांचा कोर्स, सकाळ-संध्याकाळ शिकवतात, कॅमेरे, सिम्युलेटर सगळं आहे. दुसरे एक वयस्कर सर आहेत, रेंजवर आठवड्यातून एक तास घेतात, त्यांच्याकडे एक टॅबलेट सोडला तर काहीच नाही. नवरा म्हणतो स्कूलच कर, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. मला कमरेचा थोडा त्रास पण आहे. काय करू? आणि या वयात शिकणं जमेल ना? – गोंधळलेली वाचक

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमची खरी धाकधूक तीच वाटतेय मला. जमेल. 44 हे गोल्फसाठी काही वय नाही, हा खेळ लोक सत्तरीतही शिकतात आणि मजेत खेळतात. आणि क्लब बॉलला लागेनासा झालाय तो तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही, एका तासात तीन गोष्टी बदलल्या म्हणून. एक ना धड भाराभर चिंध्या असं झालंय ते.

हे जरा नीट सांगतो कारण शाळा निवडायची सगळी किल्ली इथेच आहे. क्लब वरून खाली बॉलपर्यंत येतो तो साधारण पाव सेकंदात, आणि क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारा सपाट भाग, बॉलला चिकटलेला असतो तो सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. पाव सेकंदात माणूस किती गोष्टींचा विचार करू शकतो? धड एकाचाही नाही. म्हणजे स्विंगमध्ये जे काही बदलायचं ते हळूहळू अंगवळणी पडावं लागतं, विचार करून तिथल्या तिथे होत नाही. ज्या कोचला हे उमगलंय तो एका लेसनला एकच गोष्ट देतो, फार तर दीड. ज्याला उमगलेलं नाही तो जे जे चुकीचं दिसतंय ते सगळं बोलून मोकळा होतो, आणि आपल्याला वाटतं वा काय नजर आहे यांची, केवढं शिकवलं आज! आणि घरी येताना डोक्यात नुसता गोंगाट.

मी यातून गेलोय म्हणून पोटतिडकीने लिहितोय. मी सुरुवातीला एका मोठ्या नावाच्या अकॅडमीत दहा लेसनचं पॅकेज एकदम भरून टाकलं होतं, चकचकीत जागा, भिंतीवर फोटो, आणि प्रत्येक वेळी जो कोच मोकळा असेल तो समोर यायचा. पहिला म्हणाला डावा हात सरळ ठेवा, दुसरा म्हणाला तो सरळ ठेवल्यामुळेच तुम्ही ताठ होताय, तिसऱ्याने आधीचे दोघे काय म्हणाले ते विचारलंच नाही. दहा लेसन संपले तेव्हा मी पहिल्या दिवसापेक्षा वाईट मारत होतो आणि रेंजवर जायचाच कंटाळा येऊ लागला होता. ते कोच वाईट नव्हते हो, एकेकटा भेटला असता तर कुणाकडूनही शिकलो असतो. पण मला कुणी ओळखतच नव्हतं तिथे. तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की आपण शाळा निवडत नसतो, आपण एक माणूस निवडत असतो, आणि इमारत, मशीन, सर्टिफिकेट हे सगळं त्याच्या मागून येतं.

आता तीन दिवसांच्या कोर्सबद्दल. निक फाल्डो हा 1980 च्या दशकात युरोपातला आघाडीचा खेळाडू होता, स्पर्धा जिंकत होता, तरी त्याला वाटलं दडपणाखाली आपला स्विंग टिकत नाही, म्हणून तो डेव्हिड लेडबेटर या कोचकडे गेला आणि दोघांनी मिळून स्विंग पार नव्याने बांधला. किती वेळ लागला माहितीये? जवळपास दोन वर्षं. मधल्या काळात त्याचा खेळ इतका ढेपाळला की लोक म्हणायला लागले याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. मग 1987 ची ओपन चॅम्पियनशिप त्याने म्यूरफील्डला जिंकली, शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होलवर पार करून, म्हणजे प्रत्येक होल ठरलेल्या फटक्यांतच पूर्ण करून. दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाला दोन वर्षं लागतात ताई, तर तीन दिवसांत "एकदाच काय ते" होऊन जात नाही. तुमच्या मिस्टरांना हे जरूर सांगा, त्यांचा हेतू चांगलाच आहे पण गोल्फ तसं चालत नाही.

म्हणजे तीन दिवसांचा कोर्स फालतू असतो का, तर अजिबात नाही. जो दोन-तीन वर्षं खेळतोय, ज्याला आपलं दुखणं कुठे आहे ते साधारण माहितीये आणि ज्याला पटिंग (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलणं), चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके), बंकर (वाळूचे खड्डे) यावर सलग काम करायचंय, त्याला त्याचा खूप फायदा होतो. पण तुमच्यासारखं जिथे पायाच अजून हलतोय तिथे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ शेकडो बॉल मारायचे म्हणजे एक तर कंबर बोलायला लागणार, आणि दुसरं म्हणजे चौथ्या दिवशी तुम्ही एकट्या असणार. शिकलेलं बिघडतं ते लेसनमध्ये नाही, नंतरच्या आठवड्यात बिघडतं. तेव्हा बघायला कुणी आहे का, हा खरा प्रश्न. त्या स्कूलला फोन करून एवढंच विचारा की कोर्स संपल्यावर तोच कोच महिनाभराने मला परत बघणार आहे का, मी व्हिडिओ पाठवला तर तो उत्तर देणार आहे का. उत्तर आढेवेढे घेत आलं तर समजून जा.

मशीनबद्दल पण बोलायला हवं कारण त्यानेच लोक भुलतात. लॉन्च मॉनिटर, म्हणजे रडार किंवा कॅमेऱ्याने बॉल आणि क्लब मोजणारं यंत्र, ही खरोखर मोठी गोष्ट आहे, मी त्याच्या विरोधात बिलकुल नाही. पूर्वी बरेच कोच शिकवायचे की बॉल सुरुवातीला निघतो तो स्विंगच्या दिशेने आणि नंतर वळतो तो फेस जिकडे असेल तिकडे. या यंत्रांनी मोजून दाखवलं की मुख्यतः उलट आहे, बॉल निघतो तो बहुतेक फेस जिकडे बघतोय तिकडे, आणि वळतो तो फेस आणि स्विंगची दिशा यांच्यात जो फरक पडतो त्याच्यामुळे. (बॉल फेसच्या बरोबर मध्यावर लागला तर, हे मात्र त्यात धरलेलं आहे.) आता तुमच्याच स्लाइसला, म्हणजे बॉल उजवीकडे वळतो त्याला, हे लावून बघा. तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर तुमचा क्लब बहुधा बाहेरून आत, म्हणजे डावीकडे कापत येतोय आणि फेस त्या दिशेच्या मानाने उघडा राहतोय, म्हणून बॉल उजवीकडे वळतो. मग आपण काय करतो, बॉल उजवीकडे जातोय ना म्हणून अजून डावीकडे तोंड करून उभे राहतो, त्याने स्विंग अजून डावीकडे कापला जातो आणि बॉल अजूनच वळतो. मी पैजेवर सांगतो आठ महिन्यांत कधी ना कधी तुम्ही हे केलं असणार. सगळेच करतात.

म्हणून कोच पारखायला मला हा एक प्रश्न फार आवडतो. त्यांना साधेपणाने विचारा, "सर माझा बॉल उजवीकडे का वळतो?" चांगला कोच आधी चार-सहा बॉल मारायला लावेल, गप्प बघेल, बॉल निघाला कुठून आणि वळला कुठे हे दोन्ही बघेल, आणि मग तुम्हाला फेस आणि दिशा या दोन गोष्टी तुम्हाला कळतील अशा शब्दांत सांगेल, कदाचित क्लब हातात धरून दाखवेल. आणि जो बघायच्या आधीच म्हणेल "तुम्ही डोकं वर उचलता", त्याच्याकडे परत जाऊ नका. डोकं उचललं हे गोल्फमधलं क्रोसिनसारखं औषध आहे, सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी. मशीन असो नसो, हा फरक तुम्हाला पाच मिनिटांत दिसेल. ज्याच्याकडे मशीन आहे पण तो पडद्यावरचे वीस आकडे नुसते वाचून दाखवतो त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे टॅबलेट आहे आणि तो एकच फ्रेम थांबवून "इथे बघा, मनगट इथे सुटतंय" असं दाखवतो तो कैक पटीने बरा.

टॅबलेटवरून आठवलं, व्हिडिओ घेताना ते कुठे उभे राहतात तेही बघा. एक समोरून आणि एक पाठीमागून, म्हणजे बॉल आणि टार्गेट एका रेषेत दिसतील असा, आणि कॅमेरा साधारण हातांच्या उंचीवर. वाकडातिकडा कुठूनही घेतलेला व्हिडिओ दिशाभूल करतो, स्विंग जसा नाही तसा दिसतो. जो माणूस व्हिडिओसाठी दोन मिनिटं घालवून नीट जागा शोधतो तो बाकीचंही नीट करत असतो, हा माझा अनुभव.

मोठा खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक असं मात्र धरू नका. स्पर्धा खेळणारा प्रो वेगळा आणि शिकवणारा प्रो वेगळा, शिकवणं हे वेगळं शिक्षण आहे आणि बऱ्याच देशांत पीजीए (व्यावसायिक गोल्फर्सची संघटना) किंवा तशा संस्था त्याचं रीतसर ट्रेनिंग देतात. तेव्हा विचारा की तुम्ही शिकवायचं ट्रेनिंग कुठे घेतलंत, त्यात लाजायचं काही नाही आणि चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. आणि अजून एक, त्यांच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना बॉल मारताना लांबून बघा. सगळ्यांचे स्विंग एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले तर मला जरा शंका येते. हार्वी पेनिक नावाचे टेक्सासमधले शिक्षक होते, बेन क्रेन्शॉ आणि टॉम काइट दोघेही लहानपणापासून त्यांच्याकडे शिकले, दोघांची खेळायची धाटणी अगदी वेगळी, आणि क्रेन्शॉने मास्टर्स दोनदा जिंकली तर काइटने 1992 ची यूएस ओपन. एकाच शिक्षकाकडून दोन वेगळे खेळाडू तयार झाले, कारण समोरच्याचं अंग बघून शिकवलं.

अंगावरून तुमच्या कमरेकडे येतो आणि हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. गोल्फमध्ये दुखणं येतं त्यात कंबर सगळ्यात पुढे असते, मग कोपर, मनगट. त्यामुळे कोचने क्लब हातात द्यायच्या आधी विचारलंच पाहिजे की कुठे दुखतं का, आधी काही ऑपरेशन वगैरे झालंय का, किती वळता येतं. नाही विचारलं तर तुम्ही सांगा, आणि ते ऐकून काय करतात ते बघा. जो म्हणेल "होईल हो सवयीने" त्याला नमस्कार करून निघा. जो म्हणेल पाऊल थोडं बाहेर उघडा, बॅकस्विंग छोटा ठेवू, आणि आधी डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारून घ्या, त्याच्या हातात तुमची कंबर सुरक्षित आहे. आणि ग्रिप किंवा खांदे बसवताना हात लावायच्या आधी तुम्हाला विचारतो का, हेही बघा. विचारायलाच हवं. नाही विचारलं आणि तुम्हाला अवघडल्यासारखं झालं तर तेवढं एक कारण पुरे आहे दुसरीकडे जायला, कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

ग्रुप लेसन स्वस्त पडतात म्हणून बरेच जण विचारतात, तर अगदी सुरुवातीला चार-पाच जणांचा ग्रुप चालतो, भीड मोडते, ओळखी होतात. पण स्लाइस ग्रुपमध्ये जात नाही. त्याला एकट्याचा लेसन पाहिजे.

जागा बघायला जाल तेव्हा एक गोष्ट आवर्जून बघा, गवतावरून बॉल मारायला मिळतात का. मॅटवर काय होतं की क्लब बॉलच्या मागे दोन बोटं पडला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि बॉल उडतो, आवाजही बरा येतो, आपल्याला वाटतं मस्त लागला. तोच शॉट गवतावर मारा, क्लब मातीत रुततो आणि बॉल चार पावलं पुढे जाऊन बसतो. माझ्या कोचने मला पहिल्यांदा गवतावर नेलं, खडूने एक रेघ मारली आणि म्हणाले बॉल नाही ठेवायचा, फक्त रेघेच्या पुढची माती उडाली पाहिजे. वीस स्विंग केले, अठरा वेळा रेघेच्या मागे खड्डा. मॅटवर वर्षभर ज्या शॉटला मी चांगला म्हणत होतो त्याचं खरं रूप त्या अठरा खड्ड्यांत दिसलं. पुढचे सहा आठवडे तेवढंच केलं आणि माझ्या आयर्न शॉट्समध्ये जो फरक पडला तो आधीच्या अख्ख्या पॅकेजने पडला नव्हता. गवत नसेल तर निदान महिन्यातून एकदा कोर्सवर घेऊन जातात का ते विचारा. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, आणि उतारावर, उंच गवतात, झाडाच्या मागे बॉल पडल्यावर काय करायचं हे रेंजवर कुणी शिकवू शकत नाही.

आणि फक्त लांब मारायला शिकवणारी शाळा नको. साधा हिशोब बघा, पार 72 च्या कोर्सवर 18 होल्स असतात आणि प्रत्येक होलच्या पारमध्ये पटिंगचे 2 फटके धरलेले असतात, म्हणजे 36, बरोबर निम्मे. तरी बहुतेक लेसन ड्रायव्हर आणि सेव्हन आयर्न या दोन क्लबवरच संपतात कारण विद्यार्थ्यालाच ते हवं असतं. ज्या कोचने पहिल्या तीन-चार लेसनमध्ये तुम्हाला एकदा तरी पटिंग ग्रीनवर नेलं, त्याला तुमचा स्कोअर कमी व्हावा असं खरंच वाटतंय.

पैशाचं थोडक्यात: पॅकेज लगेच भरू नका, आधी एक सुटा लेसन घ्या. मग भरायचं झालं तर कोच तोच राहील हे, लेसन किती दिवसांत संपवायचे ते, आणि पाऊस आला किंवा तुम्ही आजारी पडलात तर काय, हे लिहून घ्या. बॉलचे पैसे वेगळे आहेत का विचारा. आणि पहिल्याच महिन्यात नवीन सेट घ्या म्हणून मागे लागले तर घेऊ नका. नियमाप्रमाणे बॅगेत 14 क्लब चालतात, म्हणून 14 लागतात असं नाही, एक सेव्हन आयर्न, एक वेज आणि एक पटर एवढ्यावर तुमचे पहिले काही महिने आरामात निघतील. फक्त क्लब तुमच्या उंचीला आणि ताकदीला फार जड किंवा लांब नाहीत ना, एवढं कोचकडून बघून घ्या.

तर माझं मत विचाराल तर आधी त्या वयस्कर सरांकडे एक लेसन घ्या. ते चांगलेच असतील असं मी इथे बसून म्हणत नाही, पण दर आठवड्याला तोच माणूस तुम्हाला बघणार आहे आणि तुम्हाला आत्ता तेच हवंय. जॅक निक्लॉसने 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या, तरी दर वर्षी सीझनच्या सुरुवातीला तो आपल्या लहानपणच्या शिक्षकाकडे, जॅक ग्राउटकडे जायचा आणि ग्रिप कशी धरायची, उभं कसं राहायचं इथपासून पुन्हा सुरू करायचा. दहा वर्षांचा असल्यापासून त्याला बघणारा माणूस होता तो. बॉल जरा वेगळा निघाला तर कशामुळे, हे अशाच माणसाला लगेच कळतं.

सरांकडे जाल तेव्हा आधीच्या कोचने काय काय बदललं ते एका कागदावर लिहून न्या, तिन्ही गोष्टी. आणि त्यांना सांगा यातलं एकच ठेवायचं असेल तर कुठलं ठेवू. मला वाटतं ते ग्रिप म्हणतील, कारण फेस उघडा राहतो त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं, पण ते वेगळं म्हणाले आणि का ते पटवून दिलं तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. ते तुम्हाला बघतायत, मी नाही. लेसन झाल्यावर लगेच गाडीत बसून एका ओळीत लिहा की आज काय शिकले. एका ओळीत मावलं तर लेसन चांगला झाला. मग त्या आठवड्यात दोनदा रेंजवर जा, चाळीस-पन्नास बॉल पुरेत, शंभर नकोत, आणि सगळे एकाच क्लबने एकाच दिशेला सटासट मारू नका, क्लब बदला, टार्गेट बदला, दर बॉलला मागे येऊन नव्याने उभ्या राहा. त्या वेळी ते कमी जमल्यासारखं वाटेल पण लक्षात जास्त राहतं.

पहिले दोन-तीन आठवडे बॉल अजून वाईट जातील, त्याने घाबरून तिसऱ्या माणसाकडे पळू नका. चार लेसननंतरही ती एक ओळ दर वेळी वेगळीच निघत असेल, आज मनगट उद्या गुडघा परवा खांदा, तर मात्र खुशाल बदला. आणि मला परत लिहा, फक्त एवढंच कळवा की सरांनी पहिल्या तासात आधी तुम्हाला कमरेबद्दल विचारलं, की आधी बॉल मारायला सांगितला.